सरावाने मेंदू जास्त राबतो की कमी?

स्मरणाचा सराव आणि मेंदूचे स्कॅन या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांब पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : एका लेखात वाचलं, की स्मरणाचा सराव केल्यावर मेंदूची सक्रियता वाढते. दुसऱ्या लेखात नेमकं उलट होतं : सराव झालेला मेंदू म्हणे कमी काम करतो. दोन्हीकडे स्कॅनचे दाखले होते. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही. दोन्ही ठिकाणी ‘सराव’ हा शब्द असला तरी सराव वेगवेगळ्या गोष्टींचा झालेला असतो. माणसाला तीच ती यादी पुन्हा पुन्हा दिली होती, की दर वेळी नवी यादी देऊन काम अवघड करत नेलं होतं, हे आधी बघायचं. सक्रियता वर गेली की खाली, हा त्यानंतरचा प्रश्न.

तेच साहित्य घोकण्याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांचा 1994 चा प्रयोग. काम सोपं होतं : समोर एक नाम येतं, त्याला साजेसं क्रियापद बोलायचं. म्हणजे ‘चेंडू’ला ‘फेकणे’, ‘सुरी’ला ‘कापणे’. यादी नवी असताना डाव्या कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग, सिंग्युलेटचा पुढचा भाग, कानाजवळचा डावा टेम्पोरल भाग आणि उजवा लहान मेंदू असे सगळे कामाला लागले होते. तीच यादी पाव तासापेक्षाही कमी वेळ घोकून घेतली आणि या भागांतली सक्रियता नुसता शब्द उच्चारताना असते तेवढ्यावर उतरली. आधी गप्प असलेला इन्सुला, म्हणजे मेंदूच्या घडीत दडलेला भाग, मात्र पुढे आला. मग नवी यादी दिली, तर पहिलं चित्र जसंच्या तसं परत! त्याच गटाने पुढे 1998 मध्ये याला परांचीची उपमा दिली : इमारत उभी राहीपर्यंत परांची लागते, मग ती उतरवतात. उतरलेली सक्रियता ही बहुतेक परांची असते. जाता जाता, पाव तासात उतरलेली ही सक्रियता नव्या यादीला काडीइतकीही उपयोगी पडत नाही, हे ‘मेंदू कार्यक्षम झाला’ म्हणणारे सांगत नाहीत.

आता दुसरा प्रकार. 2004 मध्ये ओलेसन, वेस्टरबर्ग आणि क्लिंगबर्ग यांनी पाच आठवडे वर्किंग मेमरीचा, म्हणजे काम चालू असताना गोष्टी थोडा वेळ मनात धरून ठेवण्याचा, सराव करून घेतला. जागा नव्या, क्रम नवे, आणि जमायला लागलं की यादी लांबवायची. इथे प्रीफ्रंटल आणि पॅरायटल भागांतली सक्रियता वाढली. या निबंधाचा दाखला फार दिला जातो, म्हणून हेही लक्षात ठेवा, की त्यातल्या दोन्ही प्रयोगांत मिळून जेमतेम 11 माणसं होती.

या दोन टोकांच्या मध्येही एक गोष्ट घडते. त्याच वर्षीच्या हेम्पेल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दोन आठवड्यांनी सक्रियता वाढलेली दिसली आणि चार आठवड्यांनी ती पुन्हा उतरली. स्कॅन कधी काढला यावरही उत्तर फिरतं ते असं. सुरुवातीला आणि शेवटी असे दोनच स्कॅन काढले, तर मधला चढ कोणाच्या लक्षातही येणार नाही.

प्रश्न : स्कॅनमधला लाल-पिवळा रंग म्हणजे तिथे मेंदू ‘तापलेला’ असतो का? आणि सरावानंतर रंग फिका पडला तर ते चांगलं लक्षण समजायचं का?

उत्तर : रंग मेंदूचा नसतो, गणिताचा असतो. एफएमआरआय यंत्र पेशींचे विद्युत्संदेश मोजत नाही. ते रक्तातल्या ऑक्सिजनमुळे होणारा चुंबकीय फरक मोजतं, आणि तो फरक पेशी कामाला लागल्यावर साधारण पाच-सहा सेकंदांनी कमाल पातळीला पोचतो. वाढही केवढी, तर एखाद-दोन टक्के. शिवाय चित्रात दिसते ती वजाबाकी असते : स्मरणाचं काम करतानाचा संकेत वजा एखादं साधं काम करतानाचा. साधं काम कोणतं निवडलं यावर चित्र बदलतं.

रंग फिका पडण्याला निदान चार कारणं असू शकतात, आणि त्यांतलं एकच अभिमानाचं आहे. काम खरोखर कमी कष्टात होऊ लागलं असेल. किंवा उत्तर लवकर यायला लागलं असेल : आधी 1,200 मिलिसेकंद लागायचे आणि आता 800 लागतात, तर मेंदूचा तो भाग तेवढ्याच जोराने पण कमी वेळ चालला, आणि मंद संकेतात ते कमी जोरासारखंच दिसतं. किंवा माणूस पहिल्यांदा स्कॅनरच्या बोगद्यात आडवा झाला तेव्हा बावरलेला होता आणि दुसऱ्यांदा सरावला. किंवा सरळ कंटाळला. म्हणूनच सराव न केलेल्या गटाचाही दोनदा स्कॅन काढावा लागतो. तो गट नसेल तर त्या निबंधातल्या रंगांवर वेळ घालवू नये.

प्रश्न : रोज 20 मिनिटं एन-बॅकचा खेळ खेळते. दोनपासून सुरुवात केली, आता पाचपर्यंत पोचले आहे. पण माणसांची नावं पूर्वीइतकीच विसरते. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही, खेळाकडून अपेक्षाच चुकीची दिली गेली आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी : अक्षरं एकामागून एक येतात आणि आत्ताचं अक्षर दोन घरं मागच्या अक्षराशी जुळलं की बटण दाबायचं. न, ग, स, ग, ट, र, ट या ओळीत चौथ्या ‘ग’ला आणि सातव्या ‘ट’ला दाबायचं. ‘पाच’ म्हणजे पाच घरं मागे.

यात पेच असा आहे, की ‘हे अक्षर नुकतंच येऊन गेलं’ एवढ्या ओळखीवर बटण दाबूनही गुण चढतात. क्रम मनात धरावाच लागत नाही. तुमच्या खेळात फसवी अक्षरं किती येतात ते बघा. म्हणजे तीनच्या पातळीवर खेळताना दोन किंवा चार घरं मागचं अक्षर मुद्दाम परत आणलेलं असतं का? ती नसतील तर तुम्ही पाचवर पोचला आहात की ओळखीच्या अंदाजाने तरून जाताय, हे गुणांवरून कळणार नाही.

आता नावांबद्दल. 2008 मध्ये येगी आणि सहकाऱ्यांनी दुहेरी एन-बॅकने, म्हणजे अक्षर आणि चौकटीतली जागा दोन्ही एकाच वेळी धरायच्या सरावाने, तर्कबुद्धीच्या चाचणीतले गुण वाढतात असा दावा केला. रोज सुमारे 25 मिनिटं, आठ ते एकोणीस दिवस. दर तीन सेकंदांना एक अक्षर. तीनपेक्षा कमी चुका झाल्या की पातळी वर, पाचपेक्षा जास्त झाल्या की खाली. बाजारातले बहुतेक खेळ याचीच नक्कल आहेत. 2013 मध्ये रेडिक आणि सहकाऱ्यांनी 20 बैठकांचा सराव घेतला, तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तितकाच वेळ वेगळ्या कामावर बसवलं आणि बुद्धीच्या अनेक चाचण्या घेतल्या. हाती काही लागलं नाही.

मेंदूच्या अंगाने याचं उत्तर डालिन आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या प्रयोगात मिळतं. त्यांनी पाच आठवडे यादी ‘सतत ताजी ठेवण्याचा’ सराव दिला. त्याचा फायदा न शिकवलेल्या एन-बॅकमध्ये दिसला, कारण दोन्ही कामांना खोलवरचा स्ट्रायटम हा भाग लागतो. स्ट्रूपच्या कामात, म्हणजे ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत असताना शाईचा रंग सांगण्यात, फायदा दिसला नाही. स्ट्रायटम त्यात गुंतलेलाच नव्हता. सरावाचा लाभ त्याच भागावर उभ्या असलेल्या कामापर्यंतच पोचतो. नाव आणि चेहरा यांची गाठ मारणं हे प्रामुख्याने मेंदूत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं काम, तिथे एन-बॅक पोचत नाही. नावांसाठी नावांचाच सराव : ऐकलं की लगेच मोठ्याने म्हणा, एका मिनिटाने मनात आठवून बघा, दहा मिनिटांनी पुन्हा, आणि निघताना एकदा.

प्रश्न : स्मरणस्पर्धेतले लोक शेकडो आकडे लक्षात ठेवतात. त्यांचा मेंदूच मोठा असतो, की हे कोणालाही शिकता येतं?

उत्तर : शिकता येतं. पण जे वाढतं ती ‘स्मरणशक्ती’ नव्हे. एरिक्सन, चेस आणि फलून यांनी 1980 मध्ये एका विद्यार्थ्याचा अभ्यास मांडला. सुरुवातीला तो सात आकडे धरायचा, सुमारे 230 तासांच्या सरावाने 79 पर्यंत गेला. तो धावपटू होता आणि आकड्यांना शर्यतीच्या वेळा बनवायचा. 3492 आलं की ‘3 मिनिटं 49.2 सेकंद, मैलाच्या जागतिक विक्रमाच्या जवळ’. मग त्याला आकड्यांऐवजी व्यंजनं दिली. 79 चा धनी पुन्हा सहावर!

रचनेबद्दल म्हणाल, तर एलेनॉर मग्वायर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दहा नामांकित स्मरणपटू तपासले. मेंदूच्या रचनेत फरक सापडला नाही, बुद्ध्यांकातही नाही. फरक होता वापरात : पाठ करताना त्यांच्यात उजवा हिप्पोकॅम्पस आणि वाटा-जागा ओळखणारे भाग अधिक सक्रिय होते, कारण दहापैकी नऊजण मनातल्या ओळखीच्या वाटेवर गोष्टी मांडत जात. ड्रेस्लर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हीच ‘जागांची पद्धत’ नवख्यांना सहा आठवडे, रोज अर्धा तास शिकवली. 72 शब्दांपैकी सुरुवातीला 26 ते 30 आठवायचे, ते सुमारे 62 झाले. चार महिने सराव नसतानाही सुरुवातीपेक्षा 20 हून अधिक शब्द जास्त येत होते. तितकाच वेळ एन-बॅक करणाऱ्या गटाला यातला थोडकाच लाभ मिळाला. पुढे 2021 मध्ये या पद्धतीच्या सरावानंतर प्रीफ्रंटल भागांची सक्रियता उतरलेली दिसली, आणि ती जितकी उतरली तितक्या आठवणी जास्त टिकल्या. परांची उतरली ती इथे कामाच्या कारणाने.

करून बघायचं तर दहा थांब्यांनी सुरुवात करा. रोजच्या वाटेवरच्या ठळक, एकमेकांपासून वेगळ्या दिसणाऱ्या जागा घ्या : फाटक, चपलांचा खण, जिन्याचं वळण, खिडकीचा कट्टा. आधी वाट रिकामीच उलटसुलट फिरून पक्की करा. मग प्रत्येक थांब्यावर एक वस्तू, सुरुवातीला दहा सेकंद तरी, आणि ती तिथे काहीतरी करत असली पाहिजे. जिन्यावर ‘घड्याळ’ नुसतं ठेवलं तर जातं विसरून. ते पायऱ्या उतरत टणटणत आलं की राहतं. बिघाड बहुधा तीन ठिकाणी होतो. थांबे एकसारखे असतात (चार सारख्या खिडक्या घेतल्या की वस्तू अदलाबदल होतात). चित्र अंधुक किंवा फार लहान असतं. किंवा त्याच दिवशी त्याच वाटेवर दुसरी यादी मांडली जाते आणि जुन्या वस्तू मध्ये येतात. यावर उपाय म्हणजे दोन-तीन वेगळ्या वाटा तयार ठेवणं.

प्रश्न : परीक्षेसाठी धडा पाच वेळा वाचतो. पाचव्या वेळी सगळं ओळखीचं वाटतं, पण पेपरात आठवत नाही. असं का?

उत्तर : कारण ओळखणं आणि आठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचनाने पहिलीच वाढते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात एका गटाने उतारा चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने एका फेरीत वाचला आणि तीनदा न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने पारडं फिरलं : वाचणारे 40, लिहून काढणारे 61.

मेंदूत काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. तीच गोष्ट पाठोपाठ समोर आली की दुसऱ्या वेळी संबंधित भागाचा प्रतिसाद घटतो. चेहऱ्यांवरच्या एका प्रयोगात पाठोपाठ दाखवलेल्या चेहऱ्यांना ही घट जास्त होती आणि नंतर तेच चेहरे कमी ओळखले गेले. मध्ये अंतर ठेवून दाखवले तेव्हा घट कमी आणि ओळख जास्त. म्हणजे इथे कमी सक्रियता ही कार्यक्षमता नव्हे, मेंदूने ‘हे बघितलंय’ म्हणून मान फिरवली आहे. पाचव्या वाचनाला जे सोपं वाटतं ते हेच.

अंतर किती ठेवायचं? परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन अभ्यासांत दीड ते तीन दिवस. वर्षभर टिकवायचं असेल तर तीन ते पाच आठवडे. 2008 च्या सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या मोजणीतून हा हिशेब निघतो : आठवड्यासाठी मुदतीच्या 20 ते 40 टक्के, वर्षासाठी 5 ते 10 टक्के. एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर मुद्दे काढा, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरा. पुढच्या खेपेला सुरुवात त्या रंगापासून नको, पुन्हा कोऱ्या कागदापासूनच करा. आणि लिहून काढल्यावर ताडून बघणं टाळू नका, नाहीतर चुकीचं उत्तरच घट्ट होत जातं.

प्रश्न : मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी ‘सरावाने अंकस्मरण वाढतं का’ हा विषय घेतला आहे. स्कॅनर मिळणं शक्य नाही. तरी काही अर्थपूर्ण मोजता येईल का?

उत्तर : येईल, आणि नीट आखलं तर एखाद्या घाईत काढलेल्या स्कॅनपेक्षा जास्त कळेल.

चाचणी अशी : एका सेकंदाला एक अंक, आवाजात चढउतार नाही, दहा अंकांपर्यंतच्या यादीत एकही अंक दोनदा नाही, 4-5-6 सारख्या ओळी नाहीत. चार अंकांपासून सुरुवात, प्रत्येक लांबीच्या दोन याद्या, दोन्ही चुकल्या की थांबायचं. उत्तर देताना ‘बेचाळीस’ असं जोडून नव्हे, ‘चार, दोन’ असं सुटं म्हणायला सांगा. जोडून म्हणणारा दोन अंकांचा एक घास करतो आणि तुमचा आकडा फुगतो. ही चाचणी सरावाआधी एकदा नव्हे, दोनदा घ्या. पहिल्या चाचणीवरून दुसरीत गुण आपोआप थोडे वाढतात, ती वाढ सरावाच्या खात्यात जमा होता कामा नये.

सराव 20 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. सलग दोन याद्या बरोबर आल्या की एक अंक वाढवा, एक चुकली की एक कमी करा. असं केलं की माणूस साधारण 70 टक्के यशाच्या पातळीवर राहतो, ना कंटाळतो ना हरतो. तुलनेच्या गटालाही तोच पडदा, तोच वेळ, तोच पर्यवेक्षक द्या. त्यांची यादी मात्र कायम तीनच अंकांची. नुसत्या घरी बसलेल्या गटाशी तुलना केली तर तुम्ही सराव मोजताय की रोज कोणीतरी विचारपूस करतंय त्याचा उत्साह, हे सांगता येणार नाही. शेवटची चाचणी घेणाऱ्याला कोण कोणत्या गटातला ते माहीत नसावं.

शेवटी अंकांबरोबर अक्षरंही द्या. क-ख, प-फ, ट-ठ अशा जोड्या एका यादीत नकोत, आवाजाच्या साम्यानेच चुका होतात. अंक वाढले आणि अक्षरं जागच्या जागी राहिली, तर युक्ती सापडली आहे, क्षमता वाढलेली नाही. आणि प्रत्येकाला विचारा : कसं लक्षात ठेवलंत? हा प्रश्न छापील चाचणीत नसतो, पण निम्मं उत्तर त्यातच असतं.

स्कॅनरच्या जागी प्रतिसादाचा वेळ वापरा. 1966 मध्ये सॉल स्टर्नबर्ग यांनी दाखवलं, की यादी मनात धरून ‘हा अंक त्यात होता का?’ असं विचारलं तर यादीतल्या प्रत्येक जादा अंकामागे सुमारे 38 मिलिसेकंद लागतात. आता एका गटाला रोज तोच संच द्या, दुसऱ्याला रोज बदलता. श्नायडर आणि शिफ्रिन यांनी 1977 मध्ये हाच भेद तपासला होता : लक्ष्य कायम तेच असेल तर भरपूर सरावाने जादा अंकामागचा वेळ जवळजवळ नाहीसा होतो, लक्ष्य बदलतं असेल तर तो हटत नाही. स्कॅनमध्ये ज्या ठिकाणी प्रीफ्रंटल भाग शांत होतो, तिथलीच ही घडामोड तुम्हाला घड्याळावर दिसेल. मात्र वेळ मोजायला टचस्क्रीन नको, कळफलक वापरा, आणि चुकलेल्या उत्तरांचे वेळ सरासरीतून काढून टाका.

प्रश्न : वय 71. या वयात सराव करून मेंदूत काही बदल होतो का, की उगीच वेळ घालवायचा?

उत्तर : बदल होतो, पण लाभ अरुंद असतो. अमेरिकेतल्या ‘ॲक्टिव्ह’ या चाचणीत 65 आणि त्यापुढच्या वयाच्या 2,802 लोकांचे चार गट केले : तीन गटांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकाच्या साधारण दहा बैठका दिल्या, चौथ्याला काहीच नाही. ज्याने जे शिकलं त्यात तो सुधारला, इतर दोन्हींत नाही. दहा वर्षांनी तर्क आणि वेग यांचा लाभ उरला होता, स्मरणाचा उरला नव्हता.

स्कॅनमध्ये ज्येष्ठांचा प्रीफ्रंटल भाग सोप्या कामालाही तरुणांपेक्षा जास्त सक्रिय दिसतो. तो जास्तीचा जोर वापरूनच काम पार पडतं, आणि काम अवघड झालं की वाढवायला फारसं उरलेलं नसतं. त्यामुळे सराव छोट्या पायऱ्यांनी, पुरेसा वेळ देऊन करावा. जागांची पद्धत तुम्हालाही येईल, फक्त थांबे पाच आणि प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद असं धरा. मात्र ओळखीची वाट चुकणं, पैशांचा हिशेब न लागणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं असं होत असेल, तर सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कपाळावर लावायची पट्टी घेतली आहे. पाठांतर करताना ‘मेंदूची एकाग्रता’ फोनवर दाखवते. त्यावरून सरावाची प्रगती कळेल का?

उत्तर : नाही. कपाळावरचे एक-दोन इलेक्ट्रोड डोळ्यांची उघडझाप आणि भुवयांचे स्नायू मेंदूपेक्षा कितीतरी मोठ्याने ऐकतात. दात आवळून बघा, आकडा हलेल. हिप्पोकॅम्पस तर इतका खोल आहे, की पट्टीला त्याची चाहूलही लागत नाही. प्रगती मोजायची असेल तर एका वहीत तारीख, यादीची लांबी, किती आठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं किती उरलं, एवढे चार रकाने पुरतात. त्यांतला चौथा रकाना सोडू नका. लोक नेमका तोच भरत नाहीत.